फ्रीज चावतो म्हणून: कोकणातल्या जुन्या घराच्या वायरिंगच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि पडवीला लागून न्हाणीघर. विहीर घरापासून साठ मीटरवर, केळींच्या पलीकडे. घरात वीज आली १९७४ साली. वायरिंग तेव्हाचंच, मधल्या पन्नास वर्षांत ज्याला जसं सुचलं तशी ठिगळं. आई एकटी राहते.

आज फ्रीजमधून पाणी घ्यायला गेलो तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पयली चपला घाल, मगे उघड. तो चावता."

किती वर्षं चावतोय? "झाली असतील चार-पाच." फ्रीजसमोर रबरी पायपुसणं, बाजूला चपलांचा जोड. तिने तोडगा काढला होता आणि विषय संपवला होता. वर हेही सांगितलं की इस्त्री लावली की जास्त चावतो, पंप चालू असला तर त्याहून जास्त. हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. नेलं नसतं तर दोन दिवस वाचले असते.

मी हिशेबनीस आहे, वायरमन नाही. गावातल्या वायरमनकाकांनी होकार दिलाय की जोडण्या ते करतील, पाइप टाकणं, तारा ओढणं, भोकं पाडणं मी करायचं. टेस्ट रिपोर्ट त्यांच्या ओळखीचे परवानाधारक ठेकेदार देतील. खांबापासून मीटरपर्यंतचं सगळं वीज कंपनीचं. मीटरच्या सीलला मी हात लावणार नाही.

अंदाज: ५५ हजार रुपये, तीन आठवडे.

१६ एप्रिल

दोन दिवस नुसतं बघितलं.

खांबावरून दोनच तारा घरात येतात, फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी). अर्थिंग (उपकरणाच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) म्हणून कंपनी काही देत नाही, ते ज्याचं त्याने जमिनीत करायचं. मीटरनंतर लाकडी फळीवर चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज, एक फेजमध्ये आणि एक न्यूट्रलमध्ये. फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी तांब्याच्या पाच-सहा तारा पिळून घातलेल्या, म्हणजे फ्यूज जाणं बंद. न्यूट्रलच्या किटकॅटच्या पट्ट्यांवर हिरवट किटण आणि चिनीमाती तळाशी करपून तपकिरी. खाऱ्या वाऱ्यात तांब्या-पितळेचं हे असंच होतं. किटण वाढलं की जोड ढिला, ढिला की गरम, गरम की आणखी किटण.

मग स्वयंपाकघरातलं सॉकेट उघडलं. फ्रीजच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या मोठ्या भोकाला एक इंचभर तार, आणि तिचं दुसरं टोक न्यूट्रलला. कुणीतरी "अर्थिंग करून दिलं" होतं.

मीटर घेऊन मोजलं. केळीच्या बुंध्याशी ओल्या मातीत पहार ठोकली, मल्टिमीटरचं एक टोक पहारीला, लांब तारेने दुसरं फ्रीजच्या दाराच्या मुठीला. सगळं बंद असताना ३ व्होल्ट. इस्त्री लावल्यावर १८. पंप चालू केल्यावर ३१.

म्हणजे आई बरोबर होती. जितका करंट त्या किटलेल्या न्यूट्रलमधून परत जायचा, तितका तो जोड व्होल्टेज अडवून धरायचा, आणि फ्रीजचा पत्रा न्यूट्रललाच बांधलेला असल्यामुळे तेच व्होल्टेज आईच्या हाताला. ३१ व्होल्टवर ओल्या पायाने झिणझिणतं. पण तो न्यूट्रलचा फ्यूज एखाद्या दिवशी पुरता उडाला असता, तर घरात अंधार झाला असता, सगळ्यांना वाटलं असतं लाइट गेली, आणि चालू राहिलेल्या कुठल्याही उपकरणातून फिरून फ्रीजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते.

तार आजच कापली. फ्रीजचा प्लग काढून ठेवला. दूध शेजारच्या काकींकडे.

बाकी सापडलेलं: तीन खोल्यांत बटण न्यूट्रलवर आणि फेज थेट होल्डरला (बटण बंद करूनही बल्ब बदलताना झटका का बसायचा याचं उत्तर). माळ्यावर सागवानी पट्टीवरचं वायरिंग, पट्टीचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला, तार नुसत्या क्लिपांवर लोंबकळतेय. काळी टेप गुंडाळलेले ४१ जोड. मोजून ठेवले.

२० एप्रिल

कणकवलीहून सामान. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, सॉकेटना अडीच, गिझरला चार, मीटर ते डीबी (घरातल्या सगळ्या लाइनी वाटणारा बोर्ड) सहा. लाल, काळी, हिरवी. डीबी आठ घरांचा, ४० अँपिअरचा दोन पोलचा आयसोलेटर (मुख्य स्विच), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी डबी), एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच) सहा, दहा, सोळा आणि वीसचे.

इथे दोन चुका. पहिली, भिंतीवरच्या स्विचसाठी लोखंडी पेट्या घेतल्या, कारण त्या "मजबूत". दुसरी, पंपासाठी वायरमनकाका अडीचची केबल म्हणाले आणि मी अडीचचीच लिहून आणली. रात्री गणित मांडलं तेव्हा झोप उडाली. विहीर साठ मीटर, जाऊन येऊन १२० मीटर तार. अडीचच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे या लांबीला ०.८९. एक एचपीचा पंप चालताना ७ अँपिअर, तेव्हा ६ व्होल्ट पडतात, ते चालतं. पण सुरू होताना तो ४० अँपिअरपर्यंत ओढतो, तेव्हा ३५ व्होल्ट पडणार. आमच्याकडे संध्याकाळी घरात १९० व्होल्ट येतात. पंपाला १५५ मिळाले तर तो नुसता गुरगुरेल आणि कॉइल जाळेल. चारच्या केबलला हीच घट २२. केबल परत करायला पुन्हा कणकवली, एक दिवस आणि एसटीचं भाडं.

२७ एप्रिल

शनिवार वाया गेला असं म्हणवत नाही, पण गेलाच.

वहिनीचं म्हणणं, पाइप भिंतीत दडलेले हवेत, शहरासारखे. स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. कटर घेऊन झिरी मारायला घेतली. जांभा बाहेरून दगड आणि आतून भोकंच भोकं. चुन्याचा गिलावा हातभर रुंद पट्ट्यांनी सुटून आला, चिऱ्याचे कोपरे तुटले, लाल धूळ दुधाच्या कपाटापर्यंत. दोन मीटर झिरीला अडीच तास आणि दोन ब्लेड.

वायरमनकाका आले, बघितलं, खाली बसले. "मेल्या, ही भिंत पावसात पानी पिता. पाइपात तळा होतला." खरं आहे. पावसाळ्यात या भिंतीला नुसता हात लावला तरी ओला होतो. भिंतीतल्या पाइपात दमट हवा शिरते, गार होते, पाणी साठतं, आणि ते उतरतं स्विचच्या पेटीत.

झिरी सिमेंटने बुजवली. उरलेल्या घरात २५ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप भिंतीवरून, सॅडलवर (पाइप धरणाऱ्या पट्ट्यांवर), भिंतीपासून जरा सुटे. दिसतात. वहिनी दोन दिवस बोलली नाही. पण वारा लागतो, आणि उद्या काही बिघडलं तर भिंत न फोडता उघडून बघता येतं.

३ मे

माळा. कौलं चाळून (उचलून, नीट करून पुन्हा लावून) घेतल्याशिवाय वर पाइप टाकायचे नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाशांना धरून छान सरळ रांगा केल्या, आणि आज कौलं चाळणारे दोघे वर चढले ते माझ्या पाइपांना पायरी समजून. तीन ठिकाणी बेंड (पाइपाच्या वळणाचे तुकडे) सुटले, एक पाइप चेपला. चूक त्यांची नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी कौलं चाळली जातात, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आणखी एक: पाइपाची तोंडं उघडी ठेवून रात्रभर सोडू नका. कुंभारीण माशीने दोन पाइपांत मातीची घरं करून ठेवली. तार ओढायची स्प्रिंग अडली तेव्हा मी बेंडला शिव्या दिल्या, बेंड निर्दोष होता. आता प्रत्येक तोंडात कागदाचा बोळा.

जोड मात्र एकही माळ्यावर नाही. प्रत्येक तार पेटीपासून पेटीपर्यंत सलग. तार जास्त लागते, पण ४१ टेपा मोजून झाल्यावर त्या पैशांचं वाईट वाटत नाही.

७ मे

मतदान. काम बंद. तसंही वायरमनकाका गेले आठ दिवस अर्धवेळच येतायत, त्यांची स्वतःची हापूसची साठ कलमं आहेत. मे महिन्यात देवगडात वायरमन, गवंडी, सुतार काही मिळत नाही, सगळे आंब्यात. हे काम करायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत करा.

११ मे

अर्थिंग. सगळ्यात जास्त घाम इथे.

पहिला खड्डा मीटरच्या जवळ, ओटीच्या बाजूला, कारण तार कमी लागेल. अडीच मीटर खोल जायचं होतं. दोन माणसं, पहार आणि कुदळ, दिवसभरात चार फूट. खाली सलग जांभा. त्यातच ४० मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा केला, भोवती भर घातली, चार बादल्या पाणी ओतलं. ठेकेदारांनी अर्थ टेस्टर आणून मोजलं: ६८ ओहम. घरगुती अर्थिंगला लोक पाचच्या आत मागतात.

दुसरा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्यावर, केळीच्या बेटाजवळ. तिथे पाच फुटांखाली जांभा संपला आणि पांढरट चिकण माती लागली. पाइप पूर्ण अडीच मीटर गेला. दोन्ही खड्डे जोडून मोजलं: २४.

मीठ-कोळसा की पिशवीतली तयार भर, यावर वाद झाला. मिठाने आकडा पटकन उतरतो, पण इथे पाऊस धो-धो पडतो, मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाताना जीआय पाइप खाऊन जातं. बेंटोनाइट मातीची तयार भर घेतली. महाग पडली.

आता २४ ओहमचा अर्थ काय? समजा गिझरच्या पत्र्याला फेज लागला. २३० भागिले २४, म्हणजे साडेनऊ अँपिअर जमिनीत जाणार. गिझरचा एमसीबी २० अँपिअरचा. तो ढिम्म हलणार नाही, आणि पत्रा फेजवरच उभा राहील. दिव्यांचा १० अँपिअरचाही पडणार नाही. वायरमनकाकांना हे कागदावर मांडून दाखवलं, ते बराच वेळ कागद बघत राहिले. चाळीस वर्षं ते प्रत्येक घरात खड्डा मारून "आता भिया नाय" म्हणत आलेत.

आरसीसीबीला मात्र २४ ओहम भरपूर झाले. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तोलत बसतो, ३० मिलिअँपिअरची तूट आली की पडतो. ३० मिलिअँपिअर गुणिले २४ म्हणजे पाऊण व्होल्टही नाही. ६८ ओहम असते तरी चाललं असतं. या कातळात तुम्हाला वाचवणार तो खड्डा नव्हे, ती डबी. खड्डा लागतो तो डबीला कळावं म्हणून.

२२ मे

नवीन डीबीवर पुरवठा घेतला. आरसीसीबी वर केला, खटकन खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सगळे एमसीबी बंद केले, तरी खाली.

इथे दीड दिवस अक्कल गहाण पडली. सगळे एमसीबी बंद म्हणजे घरात काहीच नाही, मग डबीच खराब, असं धरून मी ती बदलायला कणकवलीला गेलो. नवीन डबीनेही तेच केलं. एमसीबी एका पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात. सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल डीबीतल्या पट्टीवर जोडलेलेच राहतात, आणि एखादा न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर तेवढ्याने डबी पडते. आपल्याकडे न्यूट्रल शून्यावर नसतोच, दोन-तीन व्होल्ट असतात. ३ भागिले २४ केलं की सव्वाशे मिलिअँपिअर.

२५ मे

सापडलं. न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक काळी तार सोडवत गेलो. माजघराची सोडवली आणि डबी टिकली. माजघराचा पाइप इंच-इंच तपासला. माळ्याच्या दाराशी, कौलंवाल्यांनी सोडवलेला बेंड परत बसवताना मी सॅडलचा स्क्रू जरा आत दिला होता. सरळ पाइपात, काळी आणि हिरवी दोन्ही तारांत. माझाच स्क्रू. तीन दिवस.

जोडणी करण्याआधी मेगरने मोजायला हवं होतं. मेगर ५०० व्होल्ट सोडून तारांमधलं इन्सुलेशन सांगतो, एक मेगाओहमच्या खाली काही असेल तर पुढे जायचं नाही. ठेकेदारांकडे होता. मी "नवीनच तर तारा आहेत" म्हणून मागितला नाही. आज मागितला: सगळीकडे चाळीसच्या वर.

३० मे

गेल्या पाच दिवसांतला हा प्रकार लिहून ठेवतो, कारण असाच कुणाच्या तरी घरी होणार.

२५ तारखेला दिवसभर सगळं ठीक. फ्रीज चालू, पंखे चालू, आई खूश. संध्याकाळी सातला डबी पडली. वर केली, पडली. अर्ध्या तासाने वर केली, टिकली. २६ तारखेला पुन्हा सातला. २७ला पुन्हा. दिवसभर मी इस्त्री, मिक्सर, गिझर सगळं एकदम लावून बघितलं, ढिम्म. आणि दिवेलागणीला खटकन.

काकी म्हणाल्या, जागा आहे ती, घर खणलंत, खड्डे मारलेत, देवचाराला, जागेच्या राखणदाराला, विचारलंत का? आईने नारळ ठेवला. मी हसलो, पण २८ तारखेला सातला डीबीसमोर उभा राहिलो तेव्हा हात जोडलेलेच होते.

वायरमनकाका म्हणाले, "ह्या काडून टाक. गावात कोणाकडे असा ह्या? असला तरी बायपास केलेला. लायट गेली काय सगळे माकाच फोन करतत." २८च्या रात्री मी त्यांचं ऐकलं. उकाडा भयंकर, आईला पंख्याशिवाय झोप नाही, डबीच्या आत-बाहेरच्या तारा एकत्र करून मी बायपास केला आणि दोन रात्री तसाच ठेवला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ज्या डबीसाठी महिनाभर खपलो ती दोन रात्री भिंतीवर शोभेला होती.

आज सकाळी डबी परत जोडली आणि ठरवलं की संध्याकाळी सातला डीबीसमोर नाही, आईच्या मागे उभं राहायचं. पावणेसातला तिने हातपाय धुतले. देवघरात निरांजन. मग ओटीवरून खळ्यात (अंगणात) उतरली, तुळशीला नमस्कार केला आणि खांबावरचं बटण दाबून तुळशीसमोरचा दिवा लावला. खटकन.

नऊ वॅटचा एलईडी.

दिव्याची फेज ओटीच्या नव्या पाइपातून, डबीच्या पलीकडून येते. न्यूट्रल मात्र कुणीतरी पूर्वी जवळून जाणाऱ्या पंपाच्या लाइनवरून उचललेला, आणि पंपाची लाइन मी "नंतर बघू" म्हणून अजून डबीच्या अलीकडे, थेट आयसोलेटरवर ठेवलेली. जाताना डबीतून, येताना बाहेरून. नऊ वॅट म्हणजे चाळीस मिलिअँपिअर, डबीच्या हिशेबाने ती सगळी गळती. नंतर आई दिवा बंद करायची तेव्हा डबी टिकायची, आणि मी समजत होतो माझ्या हाताला यश आलं.

काळ्या तारेचं दुसरं टोक आपल्याच लाइनला आणायला वीस मिनिटं लागली. २२ ते ३०, नऊ दिवस. इन्व्हर्टर लावणाऱ्यांनीही हेच सांभाळा. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल वेगळा ओढा, दुसऱ्या लाइनचा उसना घेऊ नका.

८ जून

६ तारखेला मान्सून कोकणात आल्याचं जाहीर झालं आणि काल रात्री तो आमच्या मीटरमध्ये आला. सर्व्हिस वायर खांबावरून उतरती येते आणि तशीच भिंतीच्या भोकातून आत शिरते. पाणी तारेवरून चालत येऊन मीटरच्या फळीवर ठिबकत होतं. पन्नास वर्षं ठिबकत असणार.

कंपनीच्या कार्यालयात मंजूर भार अर्ध्यावरून तीन किलोवॅट करण्याचा अर्ज टेस्ट रिपोर्टसह दिला होताच, त्यातच सर्व्हिस वायर बदलण्याचं लिहून दिलं. सतरा दिवस वाट बघितली. लाइनमन आले तेव्हा त्यांना चहा देऊन सांगितलं की आत शिरण्याआधी तारेला खाली एक वळसा द्या. त्यांनी हसून दिला. पाणी आता वळशाच्या तळाशी गळून जातं. त्यांनीच दाखवलं की बाहेरची ॲल्युमिनियमची तार आणि आतली तांब्याची एकमेकींना पिळून जोडायची नाही, दोन धातूंची लग (तारांच्या टोकांना बसवायची टोपी) वापरायची. खाऱ्या दमट हवेत तो पिळलेला जोड आधी जातो.

(ही नोंद २५ जूनला पूर्ण केली.)

२२ जून

पंपाची लाइन एकदाची डीबीवर घेतली, आणि तिला वेगळा २५ अँपिअरचा आरसीसीबी. घरच्याच डबीवर ठेवला असता तर पंपाच्या प्रत्येक खोडीला घरभर अंधार. हे शहाणपण आधी असतं तर दिव्यांना एक आणि सॉकेटना एक अशा दोन घेतल्या असत्या.

पंप सुरू केला, डबी पडली. यावेळी नारळ न ठेवता मेगर लावला. मोटरचं वाइंडिंग आणि बॉडीत इन्सुलेशन जवळजवळ उरलेलंच नाही. पंपघराचं कौल फुटलं होतं, मोटर दोन आठवडे भिजत होती. हा पंप गेल्या पावसाळ्यातही असाच असणार, आणि आई ओल्या पायाने त्याचा स्टार्टर दाबत होती. रिवाइंडिंगला दिला. तोवर पाणी काकींच्या नळावरून.

२० जुलै

तुतारी एक्स्प्रेसने कणकवली, तिथून एसटी. महिनाभराने घर बघतोय.

लोखंडी पेट्यांचे स्क्रू गंजून अडकले. पडवीतल्या पेटीच्या तळाला गंजाने भोक. फक्त अडीच महिने! सगळ्या काढून पीव्हीसीच्या लावल्या, स्क्रू पितळी. जुन्या पेट्या आणि वाया गेलेली मजुरी खाली हिशेबात आहे.

खळ्यातल्या दिव्याच्या पेटीत अर्धा कप पाणी. झाकणाला रबर होतं, सिलिकॉन होतं, तरी. हवा आत-बाहेर होते आणि पाणी मागे ठेवते. आता पेटीच्या तळाला चार मिलिमीटरचं भोक पाडलंय. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट दिलेली बरी. मेगर त्या लाइनवर मेमध्ये चाळीसच्या वर होता, आज २. सुकल्यावर ११.

डीबीत मेलेली पाल. डीबीच्या वरच्या न वापरलेल्या भोकांची झाकणं मी उचकटून ठेवली होती, "पुढे लागली तर". बुजवली.

अर्थ टेस्टर पुन्हा लावला: ९ ओहम. मेमधले २४ पावसाने ९ केले. म्हणजे मोजायचं तर मेमध्ये मोजा, जुलैचा आकडा दाखवून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

चार दिवसांपूर्वी झावळ पडून वाडीतली तार तुटली होती, रस्त्यावर. कुणी जवळ गेलं नाही, वीज तक्रारीच्या १९१२ क्रमांकाला फोन केला, दुरूनच माणसं उभी करून ठेवली. लाइट तिसऱ्या दिवशी आली.

१७ ऑगस्ट

हिशेब. तारा २४,३००. पाइप, सॅडल, पेट्या ११,६५०. डीबी, एमसीबी, दोन आरसीसीबी ९,४८०. स्विच-सॉकेट १३,२००. अर्थिंगचे दोन खड्डे १०,९००. वायरमनकाकांची मजुरी २१,५००, आंबे वेगळे (त्यांनीच दिले). पंपाची चारची केबल आणि रिवाइंडिंग ११,९००. वाया: लोखंडी पेट्या, ब्लेड, जास्तीची डबी, बुजवलेली झिरी, कणकवलीच्या फेऱ्या मिळून ७,१२०. एकूण १,१०,०५०. अंदाजाच्या बरोबर दुप्पट, वर पन्नास रुपये.

तीन आठवड्यांचे चार महिने झाले.

६ सप्टेंबर, हरतालिका

उद्या गणपती. माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली. भाच्याने बाजारातून आणलेली रोषणाईची माळ लावली आणि डबी पडली. घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माळेची तार एका ठिकाणी सोललेली आणि माटवीच्या ओल्या हरणांच्या फुलांत दडलेली. माळ फेकली, दुसरी लावली. भाचा म्हणाला, "मामा, ही डबी फार नाटकी आहे."

वायरमनकाका दुपारी येऊन गेले. वाडीत तीन घरी डबी लावून झाली म्हणाले, एकाने दुसऱ्याच दिवशी बायपास केली. त्याच्याकडे चतुर्थी झाली की मेगर घेऊन जाणार आहेत.

फ्रीजच्या दारावर आता शून्य पूर्णांक काहीतरी येतं. आईला मीटर दाखवला. तिने आकडा बघितला, मान हलवली, चपला घातल्या आणि दूध बाहेर काढलं.

राहिलेली कामं: पंपघराचं कौल. न्हाणीघरातला दिवा छताच्या जवळ नेणं. दर महिन्याच्या एक तारखेला डबीचं टेस्ट बटण दाबायचं, आईच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. ऑक्टोबरात बाहेरच्या सगळ्या पेट्या उघडून किटण बघायचं. मेमध्ये अर्थ टेस्टर.